उर्दू आपबीती वाचायला घेताय? आधी वाक्य कुठून धरायचं ते शिका

लिपी येते, रोजच्या वापरातले शब्द कळतात, गझलेचे चार शेर समजतात. पण उर्दूतली आत्मकथा उघडली की दुसऱ्या पानावरच गाडं अडतं. अशा वाचकांसाठी हा लेख आहे. मी याच वाटेने गेलो आहे. त्यातून माझं ठाम मत झालं, की मराठी वाचकाला उर्दू आपबीतीत शब्द फारसे अडवत नाहीत. अर्ज, हकीकत, कैफियत, हाल, वारस, इनाम हे सगळं आपल्या घरचंच आहे. अडतं ते वाक्यात. ‘मैं’ म्हणजे नक्की कोण, क्रिया कुणाची, वाक्य संपलं कुठे, एवढं सुटलं की बाकीचं शब्दकोशावर सोपवता येतं.

उर्दूत आत्मकथेला ‘आपबीती’ किंवा ‘ख़ुदनविश्त’ म्हणतात. ‘सवानेह’ किंवा ‘सवानेह-उमरी’ म्हणजे चरित्र, ते बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहिलेलं असतं. दुकानात किंवा ग्रंथालयात विचारताना हा फरक ध्यानात ठेवा.

हाताशी काय ठेवाल

- श्रीपाद जोशी यांचा उर्दू-मराठी शब्दकोश. मराठी वाचकासाठी पहिला आधार हाच.
- माधवराव पटवर्धन (माधव जूलियन) यांचा 1925 सालचा फारसी-मराठी कोश. जड फारसी गद्यात त्याचा फार उपयोग होतो.
- रेख्ताचं संकेतस्थळ. जुनी पुस्तकं पानापानाने वाचायला मिळतात आणि शब्दकोशही तिथेच आहे.
- प्लॅट्सचा 1884 सालचा उर्दू-इंग्रजी कोश. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर मोफत ठेवला आहे.
- दोन रंगांच्या पेन्सिली आणि पुस्तकाची अशी प्रत, जिच्यावर खुणा करायला हात कचरणार नाही.

लिपीच अजून कच्ची असेल तर आधी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा घरबसल्या करता येणारा पदविका अभ्यासक्रम किंवा रेख्ताचंच ‘आमोज़िश’ बघा आणि मग इथे या.

1. ‘मैं’ आणि ‘में’ वेगळे करा

आत्मकथेत सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द ‘मैं’, आणि नेमका तोच उर्दू लिपीत ‘में’सारखा लिहिला जातो. मीम, ये, नूनगुन्ना. अक्षरात काडीचाही फरक नाही. लिपी शिकवणारी पुस्तकं हे एका ओळीत सांगून पुढे जातात. आपबीतीत मात्र दर ओळीला तोच प्रश्न उभा राहतो.

ओळखायच्या खुणा अशा:

मागे नाम असेल आणि ते सामान्यरूपात असेल (कमरे, रास्ते, लड़कपन, दिल्ली) तर तो ‘में’. वाक्याच्या सुरुवातीला, किंवा ‘और’, ‘कि’, ‘तो’, ‘जब’ यांच्यानंतर लगेच आला तर बहुधा ‘मैं’. पुढे सुटा ‘ने’ दिसला तर डोळे मिटून ‘मैंने’. आणि वाक्याच्या शेवटी ‘हूँ’ किंवा ‘-ऊँगा’ असेल तर मागे कुठेतरी ‘मैं’ असणारच. नसेल तर तो गाळलेला आहे.

याच जातीचं दुसरं जोडपं ‘इस’ आणि ‘उस’. खालचा ज़ेर आणि वरचा पेश छापत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकसारखे दिसतात. ‘इन–उन’, ‘इधर–उधर’ यांचंही तेच. आठवणी सांगताना लेखक दूरच्या काळाबद्दल बोलत असतो, म्हणून शंका असेल तिथे आधी ‘उस’ वाचून बघा. ‘उस ज़माने में’ हेच जास्त वेळा बरोबर निघतं. ‘और’ व ‘ओर’, ‘तो’ व ‘तू’, ‘सो’ व ‘सौ’ हेही एकाच रूपात येतात, पण ते संदर्भाने चटकन सुटतात.

पहिल्या दहा पानांत प्रत्येक ‘मैं’भोवती एका रंगाने गोल करा. काम कंटाळवाणं आहे, तरी करा. नंतर डोळा आपोआप निवड करू लागतो.

2. वाक्य शेवटून धरा

उर्दूत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, हे आपलं भाग्य. पण आपबीतीतलं वाक्य लांब असतं, आणि मध्ये ‘कि जो’, ‘जिसका’, ‘जिनके’ अशी उपवाक्यं घुसतात. मराठीत आपण ‘जो… तो’ची जोडी वाक्याच्या तोंडाशी मांडतो. उर्दू लेखक आधी कर्ता ठेवतो, मग त्याच्याविषयीची सगळी माहिती मध्येच ओततो आणि क्रियापदावर कितीतरी उशिरा येतो.

एक वाक्य मी इथे नमुन्यासाठी रचलं आहे:

‘वालिद मरहूम, कि जिनकी सख़्तगीरी सारे क़स्बे में मशहूर थी और जिनके सामने बड़े-बड़े ज़बान खोलते हुए घबराते थे, उस रोज़ मुझे मदरसे के दरवाज़े पर खड़ा देखकर न जाने क्यों मुस्कुरा दिए और फ़रमाया कि आज मैं भी तुम्हारे साथ बैठूँगा.’

आता हे असं सोडवा. पूर्ण झालेली क्रियापदं हेरा: थी, घबराते थे, मुस्कुरा दिए, फ़रमाया, बैठूँगा. त्यातली पहिली दोन ‘जिन’च्या उपवाक्यांतली आहेत, ती कंसात टाका. उरलं काय? वालिद मुस्कुरा दिए, और फ़रमाया. वाक्याचा कणा हाच. ‘देखकर’ म्हणजे आपलं ‘पाहून’, आणि ते मुख्य कर्त्याचंच असतं. पाहिलं वडिलांनी, लेखकाने नव्हे. ‘फ़रमाया’च्या मागे ‘उन्होंने’ असायला हवं होतं, ते गाळलं आहे. एका वाक्यात दुसरं क्रियापद सकर्मक झालं, की लेखक पुष्कळदा असा कर्ता गाळतात.

आणि शेवटचा ‘मैं’? तो लेखक नाही, वडील आहेत. उर्दूत ‘कि’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात, आणि अवतरणचिन्हं बऱ्याचदा नसतात. म्हणून ‘कहा कि’, ‘फ़रमाया कि’, ‘बोले कि’, ‘सोचा कि’ यांच्या पुढच्या प्रत्येक ‘मैं’ला दुसऱ्या रंगाने गोल करा. लांब संवाद असेल तर हा दुसरा ‘मैं’ तीन-चार ओळी चालतो, आणि वाचणारा बापाचे शब्द मुलाच्या तोंडी घालून मोकळा होतो.

आणखी दोन गोष्टी याच वाक्यात आहेत. ‘खड़ा’ एकवचनी पुल्लिंगी, म्हणजे लिहिणारा मुलगा. आणि वडील मुलाला ‘तुम’ म्हणतात. अदबीच्या उर्दू घरांत मुलांशीही ‘तुम’ने, कधीकधी ‘आप’ने बोलतात. मराठीत तिथे ‘तू’च येईल: ‘आज मीही तुझ्याबरोबर बसणार.’ ‘तुम्ही’ केलंत तर ते घर मराठी कानाला परकं वाटेल.

3. ‘ने’चं गणित: मराठी माणसाचा खास खड्डा

हिंदी बोलता येणाऱ्यांनीही हा भाग सोडू नये.

मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’. प्रथमपुरुषाला आपण ‘ने’ लावत नाही. उर्दूत ‘मैंने’ लागतो, आणि आत्मकथा सगळी प्रथमपुरुषात असल्याने तो पानोपानी भेटतो. इथवर सोपं आहे. गुंता होतो तो क्रियापदाच्या रूपावरून लेखकाचं लिंग काढताना, कारण क्रियापद कुणाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, हे दोन भाषांत सारखं नसतं.

- ‘मैंने कहा’: रूपावरून बोलणारा पुरुष की स्त्री ते कळत नाही. मराठीत ‘म्हणालो’ किंवा ‘म्हणाले’ ठरवावंच लागतं.
- ‘मैंने फ़ारसी सीखी’: ‘सीखी’ हे फ़ारसीचं लिंग आहे, लेखिकेचं नव्हे. मराठीत ‘मी फारसी शिकलो/शिकले’ असं कर्त्यानुसार होतं.
- ‘मैं ख़त लाई’: इथे उलट. ‘लाना’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून लिहिणारी स्त्री आहे हे लगेच कळतं. मराठीत ‘मी पत्र आणलं’, त्यात काहीच कळत नाही.
- ‘मैं भूल गई’, ‘मैं बोला’: इथे दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात.

कर्माला ‘को’ लागला की क्रियापद पुल्लिंगी एकवचनात गोठतं: ‘मैंने अम्माँ को देखा.’ आपल्याकडे अशा वेळी नपुंसकलिंग येतं, ‘मी आईला पाहिलं’. तत्त्व एकच आहे. उर्दूत नपुंसकलिंग नाही म्हणून ते काम पुल्लिंग करतं.

दखनीत, म्हणजे दख्खनमधल्या उर्दू बोलीत, हा ‘ने’ अनेकदा गळतो. हैदराबाद किंवा मराठवाड्यातल्या माणसांचे संवाद आले, तर ‘हम बोले’, ‘मैं देखा’ अशी रूपं छापील चूक समजू नका. दखनीतला जोर देणारा ‘च’ तर आपल्याच मराठीतून गेलेला आहे; तो कानावर पडला की मला फार बरं वाटतं.

4. ‘हम’, ‘राक़िम’, ‘ख़ाकसार’: मीपणाची सोंगं ओळखा

उर्दू गद्यात स्वतःला सरळ ‘मैं’ म्हणणं पुष्कळ लेखकांना उद्धट वाटे. म्हणून ‘ख़ाकसार’, ‘नाचीज़’, ‘बंदा’, ‘अहक़र’ असे शब्द येतात, आणि क्रियापद तृतीयपुरुषी होतं. ‘राक़िम’ किंवा ‘राक़िम-उल-हुरूफ़’ म्हणजे ही अक्षरं लिहिणारा. ‘राक़िम वहाँ मौजूद था’ याचा अर्थ ‘मी तिथे होतो’ एवढाच. नवा वाचक राक़िम नावाचं पात्र शोधत बसतो.

‘हम’ जास्त फसवा आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत; उर्दूत दोन्हींना ‘हम’. शिवाय लखनौ आणि अवधकडे एकटा माणूस स्वतःला ‘हम’ म्हणतो, आणि स्त्रियाही ‘हम आए थे’ असं पुल्लिंगी अनेकवचन वापरतात. तेव्हा ‘हम’ दिसला की तीन प्रश्न विचारा: एक माणूस की अनेक? ऐकणारा त्यात धरला आहे का? त्याच परिच्छेदात जवळपास ‘मैं’ आहे का? ‘मैं’ही असेल, तर ‘हम’ बहुतेक खराच अनेकवचनी असतो.

स्वतःला जितकं खाली न्यायचं, तितकं दुसऱ्याला वर चढवायचं. मी ‘अर्ज़’ करतो, थोर माणसं ‘फ़रमाती’ आहेत. मी ‘हाज़िर’ होतो, ते ‘तशरीफ़’ आणतात. माझं घर ‘ग़रीबख़ाना’, तुमचं ‘दौलतख़ाना’. वाक्यात कर्ता गाळला असेल तर या क्रियापदांवरून तो सापडतो: ‘अर्ज़ किया’ म्हणजे लहान माणूस बोलतोय, ‘फ़रमाया’ म्हणजे मोठा. लांब संवादात मला सर्वांत भरवशाची खूण हीच वाटते, कोशापेक्षाही. आणि लेखक एखाद्या वडीलधाऱ्याबद्दल अचानक ‘फ़रमाया’ सोडून नुसतं ‘कहा’ लिहू लागला, तर तिथे थांबा. मन बदललं आहे आणि त्याने ते व्याकरणातून सांगितलं आहे.

5. भूतकाळाच्या छटा

आपबीतीत चार प्रकारचा भूतकाळ सारखा येतो.

‘जाया करते थे’ म्हणजे ‘जात असत’, ‘जायचे’. ‘जाने लगा’ म्हणजे ‘जाऊ लागलो’. ‘करता रहा’ म्हणजे ‘करत राहिलो’. हे तीन सोपे. चौथा अडवतो: ‘सुबह उठते, कुएँ पर नहाते, बस्ता सँभालते और मकतब की राह लेते.’ यात ‘थे’ कुठेच नाही. हा सवयीचा भूतकाळ आहे. लांब यादीत ‘थे’ गाळून टाकतात. मराठीतला जुना रीतिभूतकाळ आठवा, ‘उठत, विहिरीवर नाहत, शाळेची वाट धरत’, की कोडं सुटतं. मात्र याच रूपाला मागे ‘अगर’ किंवा ‘काश’ असेल तर अर्थ ‘उठले असते’ असा होतो.

जोडक्रियापदांकडेही लक्ष द्या. ‘कह बैठा’ म्हणजे ‘बोलून बसलो’, नंतर पस्तावा झाला असं त्यात आलंच. ‘कर डाला’ म्हणजे ‘करून टाकलं’. ‘मुझसे न रहा गया’ याचं मराठी ‘मला राहवेना’ आणि ‘मुझसे खाया न गया’चं ‘मला खाववलं नाही’. अशा ठिकाणी उर्दूच्या इतक्या जवळ जाणारी रूपं मराठीत आहेत, याचा अनुवाद करताना पुरेपूर फायदा घ्या.

6. इज़ाफ़त आणि जड फारसी गद्य

‘अहद-ए-तिफ़्ली’ म्हणजे बालपणाचा काळ. दोन शब्द असे ‘-ए-’ने जोडण्याच्या फारसी रीतीला इज़ाफ़त म्हणतात. मधला ‘-ए-’ उर्दू छपाईत ज़ेरने दाखवतात, आणि तो ज़ेर बहुतेक वेळा छापलेलाच नसतो. दोन फारसी-अरबी शब्द शेजारी आहेत, मध्ये ‘का-के-की’ नाही, तरी वाक्य सरळ लागत नाही, असं झालं की इज़ाफ़त लावून बघा. क्रम आपल्या उलट असतो, म्हणून शेवटच्या शब्दापासून मागे या. पहिला शब्द न उच्चारल्या जाणाऱ्या ‘हे’ने संपत असेल तर तिथे बारीक हमज़ा दिसतो (‘ज़माना-ए-तालिब-इल्मी’), ‘आ’ किंवा ‘ऊ’ने संपत असेल तर ‘ये’ जोडतात. या दोन खुणा मात्र छापलेल्या सापडतात.

‘शब-ओ-रोज़’मधला ‘ओ’ म्हणजे ‘आणि’. तो ‘वाव’ने लिहितात, त्याला शब्दाचं अक्षर समजू नका.

7. सांधे आधी पाठ करा

नामांआधी हे शब्द शिका. दहा-बारा आले की परिच्छेद उभा राहतो. चुनांचे (त्याप्रमाणे, म्हणून), लिहाज़ा (सबब), गोया (जणू), अगरचे (जरी), ताहम (तरीही), अलबत्ता (मात्र), बल्कि (उलट, किंबहुना), ग़रज़ किंवा अलग़रज़ (थोडक्यात), बहरहाल (ते काही असो). ‘अलग़रज़’ दिसला की लांबलेलं वर्णन संपलं आणि लेखक मूळ गोष्टीवर परतला असं समजा.

मराठीत आलेले पण अर्थ बदललेले शब्द जास्त घात करतात. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश, ‘हरकत’ म्हणजे हालचाल किंवा वागणूक, ‘अंदाज़’ म्हणजे ढब, आणि ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. लेखकाने शिकस्त खाल्ली म्हणजे त्याने प्रयत्नांची शिकस्त केली असं नव्हे.

8. पानावरच्या बारीक खुणा

वाक्याच्या शेवटी ओळीवर छोटी आडवी रेघ असते, तो पूर्णविराम. जुन्या लिथो छपाईत तोही क्वचितच. तिथे क्रियापदच विराम. 1980च्या दशकापर्यंत बहुतेक उर्दू पुस्तकं कातिबाच्या, म्हणजे सुलेखनकाराच्या, हाताने लिहून छापली जात, आणि जागा वाचवायला कातिब दोन शब्द जोडून टाकत. न ओळखीचा लांब शब्द आला की कोश उघडण्याआधी तो तोडून बघा.

शेपटीवाल्या आकड्यासारखी खूण म्हणजे पुढे शेर आहे. नुसतं ‘ऐन’ अक्षर म्हणजे एकच मिसरा, शेराची एक ओळ. नावावर वळणदार रेघ असली तर ते कवीचं टोपणनाव. वर्षाच्या आकड्यापुढे हमज़ा असेल तर इसवी सन, दोचश्मी हे असेल तर हिजरी. हिजरी वर्षाला 0.97ने गुणून 622 मिळवा, म्हणजे इसवी सन साधारण सापडतो. 1273 हिजरी म्हणजे 1857च्या उठावाची सुरुवात, एवढं लक्षात ठेवलं तरी जुन्या आपबीतीतले बरेच प्रसंग जागेवर बसतात.

9. कोणतं पुस्तक आधी

सुरुवात मुंबईपासून करा. शौकत कैफी यांचं ‘याद की रहगुज़र’ हैदराबादेतून मुंबईत येतं. वाक्यं छोटी, गद्य घरगुती. पुढे इस्मत चुग़ताई यांचं ‘काग़ज़ी है पैरहन’. त्यांचं वाक्य धावतं, तोडून बोलतं, बायकांच्या बोलीतले शब्द भरपूर. ही प्रकरणं आधी ‘आजकल’ मासिकात एकेक करून आली, म्हणून काळ पुढेमागे होतो आणि काही प्रसंग पुन्हा भेटतात. घाबरू नका, वेगळ्या कागदावर वर्षं टिपत जा. मग अख़्तर-उल-ईमान यांचं ‘इस आबाद ख़राबे में’; तेही मुंबईकर कवी, गद्य संथ आणि सरळ.

जोश मलीहाबादी यांचं ‘यादों की बरात’ (1970) त्यानंतर घ्या. जोश एका गोष्टीला चार-पाच समानार्थी शब्द एकापाठोपाठ लावतात. प्रत्येकाचा अर्थ शोधत बसू नका. एक कळला की पुढे सरका, नाद हाच तिथला हेतू आहे. त्यातल्या प्रसंगांच्या खरेपणावर बराच वाद झालेला आहे, तेव्हा इतिहास म्हणून त्याचा आधार घेताना सावध राहा.

मौलाना आझादांचं ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ अगदी शेवटी. ऑगस्ट 1942मध्ये अटक होऊन ते आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात आले, आणि तिथे हबीबुर्रहमान ख़ाँ शेरवानी या आपल्या स्नेह्यांना उद्देशून पत्रं लिहीत राहिले. ती तुरुंगातून टाकता आली नाहीत. पुस्तक 1946 साली निघालं. रूप पत्राचं, पण त्यात आझादांचं बालपण आहे, पहाटेचा चहा आहे, कोठडीतल्या चिमण्या आहेत, पत्नीच्या मृत्यूची बातमी आहे. इज़ाफ़ती एकात एक गुंफलेल्या, पानोपानी फारसी शेर. साहित्य अकादमीची मालिक राम यांनी संपादित केलेली प्रत घ्या. शेर कुणाचे, संदर्भ कुठले, हे त्यांनी टिपांत दिलं आहे. आधी चहाचं किंवा चिमण्यांचं पत्र वाचा, तात्त्विक पत्रं नंतर. पहिल्या वाचनात फारसी शेर सोडून द्या. आझादांचं गद्य बहुतेक ठिकाणी शेराशिवायही पुरं उभं राहतं, आणि दुसऱ्या वाचनात टिपा उघडल्या की तो शेर तिथेच का घातला हे दिसू लागतं.